बेटा माशाच्या जखमेवर मीठ, मेथिलीन ब्लू आणि बदामाची पानं : बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, पाल्हाळ नंतर. फायटरची, म्हणजे बेटा माशाची, जखम भरायला स्वच्छ आणि कोमट पाणी लागतं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. मीठ कामाचं आहे पण बेताने. बदामाची पानं चांगली, चमत्कार नाही. मेथिलीन ब्लू हे निळं औषध फक्त बुरशी दिसली तरच. आणि गाठ असेल तर यातलं काहीही ओतून उपयोग नाही.

आमचा बेटा ड्रॅगन स्केलवाला, म्हणजे जाड चमकदार खवल्यांचा, अंग पांढुरकं आणि पर लाल. लेकीने नाव ठेवलंय महादजी, कारण आरसा दाखवला की कल्ले फुगवून लगेच लढाईला उभा. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, टाकी वीस लिटरची, पाणी नळाचं म्हणजे तिघरा धरणाचं, उन्हाळ्यात नळ रुसला की बोअरचं. टाकीत एक प्लास्टिकचा किल्ला होता, दुकानदाराने "एकदम सेफ है" म्हणून दिलेला, त्याच्या खिडकीतून अंग घासत बाहेर पडताना पाठीवरच्या पराखालचे खवले सोलले गेले आणि खाली गुलाबी मांस दिसायला लागलं. सजावटीच्या वस्तूवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवून बघा, धागा अडकला तर माशाचे परही अडकणार. आमचा किल्ला मोज्यात तीन ठिकाणी अडकला, गेला भंगारात.

हीटरबद्दल सविस्तर लिहिते कारण उत्तरेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हीच मुख्य गोष्ट आहे. पुण्या-मुंबईचे लोक सांगतात हीटर नसला तरी चालतं, त्यांचं चालत असेल. इथे जानेवारीत रात्री पारा पाच-सहापर्यंत उतरतो आणि बेटाला लागतं २४ ते २८ डिग्री, मूळचा थायलंडकडचा मासा तो. पाणी गार झालं की तो तळाशी बसून राहतो, खात नाही, अंगातली प्रतिकारशक्तीच मंदावते, मग जखम भरणार कशी? मी पन्नास वॉटचा थर्मोस्टॅटवाला हीटर घेतला, २६ वर ठेवला, अजून कुरकुर न करता चाललाय. त्याच्या डायलवर मात्र विश्वास ठेवू नका, आमच्यात दोन डिग्रीचा फरक आहे, वेगळा थर्मामीटर लावाच. पाणी बदलताना आधी प्लग काढायचा, थोडा वेळ थांबायचं, नाहीतर हीटरची काच तडकते. लाइट गेली की टाकीला तीन बाजूंनी थर्मोकोल आणि वरून जुनी शाल. झाकण हवंच, कारण हा मासा वर येऊन हवा घेतो आणि पाण्यावरची हवा गारठलेली असली तर तेही त्याला बाधतं. शिवाय उडी मारतो ते वेगळंच.

आता मीठ. साधं खडं मीठ, आयोडीनवालं नाही. चार लिटरला एक सपाट चहाचा चमचा, मगमध्ये पूर्ण विरघळवून हळूहळू घालायचं, थेट टाकीत माशाच्या अंगावर खडे टाकायचे नाहीत. मी उपचारासाठी वेगळा पारदर्शक डबा केला होता, उथळ, म्हणजे वर यायला त्याला कष्ट नकोत. बरेच जण एक गोष्ट विसरतात, मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. पाणी आटलं म्हणून भर घालताना साधं पाणी घालायचं, आणि जेवढं पाणी काढून बदललं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं, नाहीतर प्रमाण चढत जातं. आठ-दहा दिवसांच्या वर ठेवू नये, आणि टाकीत झाडं असतील तर मिठाने ती जातात. डब्यात फिल्टर नव्हता म्हणून रोज बरंचसं पाणी बदलायचं, त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं. कंटाळा येतो, खरंय, पण उघड्या जखमेला माशाच्याच घाणीतून होणाऱ्या अमोनियाच्या पाण्यात ठेवून वर औषध घालण्यात काय अर्थ आहे.

जखम भरताना कशी दिसते हे कुणी नीट लिहीत नाही म्हणून लिहिते. आधी गुलाबीवर एक पातळ राखाडी-पांढरट थर आला आणि आमच्या घरात बोंबाबोंब झाली की बुरशी आली. मोबाइलचा टॉर्च बाजूने मारून बघितलं तर थर अगदी सपाट, कडा स्वच्छ. बुरशीला तंतू असतात, पाण्यात हलतात. नंतर कडेने आत येत येत नवे खवले उगवले, सुरुवातीला पारदर्शक, मग चंदेरी, पण जुन्या खवल्यांची झळाळी काही आली नाही. तिथे आजही फिकट पट्टा आहे. पराचं टोकही फाटलं होतं, ते नवं आलं तेव्हा आधी काचेसारखं स्वच्छ होतं, रंग मागाहून भरला.

मेथिलीन ब्लू एकदा वापरावं लागलं, पराच्या टोकाला खरोखर कापसासारखी बुरशी दिसली तेव्हा. काम झालं. मुख्य टाकीत घालू नका, फिल्टरमधले चांगले जिवाणू मरतात आणि टाकीच्या कडेचं सिलिकॉन कायमचं निळं होतं. आमच्या ओट्यावर थेंब सांडले ते अजून आहेत, सासूबाई रोज घासतात आणि रोज मला ऐकवतात. त्यांचं पहिल्या दिवसापासून एकच, "हळद लाव गं त्याला." आणि प्रत्येक कापूस म्हणजे बुरशीच असंही नाही, कॉलमनॅरिस नावाचा जिवाणूंचा रोग तसाच दिसतो आणि पाणी जास्त गरम केलं तर तो आणखी झपाट्याने पसरतो, त्यामुळे "टेंपरेचर वाढवा" हा सल्ला सरसकट घेऊ नका.

दुकानदाराने टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून घालायला सांगितली होती. नाही घातली. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ते औषध धरून ठेवतं, माशापर्यंत पोचतं थोडंच, आणि रोग कुठला ते माहीत नसताना अँटिबायोटिक कशाला. "सब बीमारी का एक इलाज" लिहिलेली एक हिरवी बाटलीही घेतली होती, आत काय आहे ते लेबलवर कुठेच नाही. तिला शून्य तारे.

बदामाची पानं म्हणजे आपल्या देशी बदामाची, मोठी, लाल होऊन गळणारी. इथल्या थंडीत ते झाड फारसं दिसत नाही, माझ्या ठाण्याच्या मावशीने भाजणीच्या पार्सलमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली. झाडावरून तोडलेली नकोत, आपणहून गळलेली वाळकी घ्या, फवारणी नसलेल्या जागेतली, धुऊन उकळतं पाणी ओतून मग टाका. पाणी चहाच्या रंगाचं होतं, त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य उतरतं, जंतूंना थोडा आळा बसतो आणि मासा शांत राहतो. महादजी तर पानावरच जाऊन झोपतो. पान सडायला लागलं की काढायचं. साडेचार तारे, अर्धा कापला कारण टाकीत काय चाललंय ते दिसत नाही.

आता गाठ. जखम भरून बरेच दिवस झाल्यावर दुसऱ्या बाजूला, कल्ल्याच्या मागे, मोहरीएवढी काळपट गाठ आली. गुळगुळीत, कातडीच्या खाली. पुन्हा मीठ केलं, पानं टाकली, ती ढिम्म. मग वाचत बसले. परांवर फुलकोबीसारखे पांढरे दाणे आले तर लिम्फोसिस्टिस हा विषाणूचा रोग असू शकतो, त्याला औषध नाही, स्वच्छ पाण्यात बहुतेक वेळा आपोआप जातो, पण वेळ लागतो. अंग फुगून खवले उभे राहिले तर तो वेगळाच मामला, तिथे एप्सम सॉल्ट वापरतात, आणि ते आपलं जेवणातलं मीठ नव्हे. आमची गाठ यातली कुठलीच वाटत नाही, ट्यूमर असावी. इथल्या एका प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला तर ते आधी हसले, मग म्हणाले फिश हम नहीं देखते. लवंगेच्या तेलाने बेशुद्ध करून ब्लेडने गाठ कापणाऱ्यांचे व्हिडिओ आहेत. माझा हात तिकडे वळणार नाही, कल्ल्याच्या इतक्या जवळ तर नाहीच.

सध्या रविवारी मोजपट्टी टाकीच्या काचेला लावून फोटो काढते आणि गाठ वाढली का ते मागच्या फोटोशी ताडून बघते. थोडी वाढलीय. भूक शाबूत आहे, आरसा दाखवला की अजून कल्ले फुगवतो. गाठ कल्ला दाबायला लागली किंवा खाणं सुटलं तर मग वेगळा विचार करावा लागेल, तोवर औषध बंद, पाणी आणि हीटर चालू. मे महिन्यात उलटं संकट येतं, पाणी बत्तीस डिग्रीवर जातं, तेव्हा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर सोडते, तीन-चार डिग्री उतरतं, पण पाणी भराभर आटतं, भर घालत राहा.