लाल रंगाचं ‘चेन ऑइल’ आणि निळा पडलेला बार

डबा 20 लिटरचा. वर चेनसॉचं, म्हणजे लाकूड कापायच्या साखळी-करवतीचं चित्र, ‘बार अँड चेन ऑइल’ अशी ठळक छपाई, आत गडद लाल ऑइल. विकणाऱ्याचं म्हणणं एकच, ‘माल कंपनीचाच आहे, फक्त पॅकिंग वेगळं.’ ऑइलची टाकी पाचव्यांदा भरली तेव्हा 18 इंची बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी, टोकाशी निळा पडला. बारच्या कडा बाहेर वळून बोटाला लागतील इतक्या धारदार झाल्या, आणि चेन दर दहा मिनिटांनी ढिली पडून खाली लोंबायला लागली.

तक्रार नेली तर उत्तर तयारच होतं: चेन जास्त ताणली असेल, बारला ऑइल पोचवणारा पंप गेला असेल. या फसवणुकीचं खरं बळ इथेच आहे. जास्त ताणलेली चेन, बारमधलं बुजलेलं ऑइलचं भोक आणि भेसळीचं ऑइल, तिन्हींनी बार तापतो आणि निळा पडतो. नुसता बार दाखवून काहीच सिद्ध होत नाही.

सिद्ध होतं ते टाकीवरून. पंप बंद असेल किंवा भोक बुजलं असेल तर पेट्रोल संपतं आणि ऑइलची टाकी भरलेलीच राहते. इथे उलट होतं. पेट्रोल संपायच्या आधीच ऑइल तळाला जात होतं, तरी बारचं टोक कोरडं. म्हणजे ऑइल बारपर्यंत पोचत होतं, पण टिकत नव्हतं. ताणाचं म्हणाल तर गार असताना चेन खाली लोंबत नव्हती आणि हातमोजा घालून हाताने ओढली की सहज सरकत होती. एवढं दाखवल्यावर समोरच्याचा आवाज उतरला.

टिकत का नाही, ते कळायला चेनचा वेग लक्षात घ्या. पूर्ण रेसवर ती सेकंदाला 20 मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने पळते. टोकाला वळण घेताना साधं ऑइल तिथेच भिरकावलं जातं, खालच्या बाजूला काही पोचतच नाही. म्हणून खऱ्या चेन ऑइलमध्ये चिकटपणा आणणारं द्रव्य घातलेलं असतं. नेमकं तेच महाग, म्हणून भेसळ करणारा नेमकं तेच गाळतो. उरतं ते पातळ बेस ऑइल (काहीही न मिसळलेलं मूळ ऑइल) किंवा फिकं केलेलं जुनं इंजिन ऑइल, वर लाल रंग. रंगावर जाऊ नका. लाल, हिरवा, निळा, ज्या त्या कंपनीची मर्जी. त्यावरून दर्जा ठरत नाही.

टाकीत ओतण्याआधी थेंबभर ऑइल अंगठा आणि तर्जनीत घोळवा आणि बोटं हळू लांब करा. चांगल्या चेन ऑइलची बारीक तार सुटते, लांबते, मग तुटते. त्या लाल डब्यातलं ऑइल बोटं उघडताच दोन थेंब होऊन बाजूला झालं. दुसरी परीक्षा टिपकागदाची. एक थेंब टाकून कागद रात्रभर आडवा ठेवायचा. ताज्या ऑइलचा डाग एकसारखा पसरतो. जुनं इंजिन ऑइल मिसळलेलं असेल तर मधोमध काळा-करडा ठिपका राहतो. ती काजळी, कापडातून कितीही गाळली तरी जात नाही. पाण्याचा संशय असेल तर तापलेल्या पत्र्यावर दोनच थेंब टाका, डोळ्यांना चष्मा लावून: तडतडलं तर पाणी आहे. शिवाय काचेच्या बरणीत दोन दिवस ठेवून तळाचा गाळ बघायला काहीच कष्ट नाहीत.

मशीनवरची परीक्षा सर्वात बोलकी. टाकी भरा, मशीन पाऊण रेसवर चालवा आणि बारचं टोक फिकट पुठ्ठ्यापासून 20 सेंटिमीटर दूर धरा, टेकवायचं नाही. मिनिटभरात पुठ्ठ्यावर ऑइलची स्पष्ट रेघ उमटायला हवी. रेघ उमटली म्हणजे पंप ठीक. ऑइल चांगलं आहे असा त्याचा अर्थ नाही, त्यासाठी बोटांची तारच बघायची.

जुन्या इंजिन ऑइलचं नुकसान बारपुरतं थांबत नाही. त्यातले धातूचे कण पंपाच्या पिस्टनला आणि गरारीला (दातेरी चाकाला) घासतात, आणि पंप निकामी झाला की चांगलं ऑइल घालूनही बार कोरडाच. चेनवरून उडणारा तुषार हातावर, कपड्यांवर, श्वासात जातो, आणि वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगकारक द्रव्यं असतात. ‘गाळून घेतलंय, काही होत नाही’ हे ऐकून सोडून द्यायचं.

चेन ऑइल संपलं आणि काम अडलं तर नवं, न वापरलेलं एसएई 30 (हा जाडीचा आकडा) इंजिन ऑइल तात्पुरतं चालतं. चिकटपणा कमी म्हणून जास्त लागतं, टाकीवर नजर ठेवावी लागते. फसवणूक नाही ती, तडजोड आहे.

दुसरा सापळा ‘दोन्हीकडे चालतं’ म्हणून विकलेल्या ऑइलचा. चेनसॉत दोन ऑइलं लागतात आणि दोघांची कामं वेगळी. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल जळून जाण्यासाठी बनवलेलं असतं. चेन ऑइल न जळता चिकटून राहण्यासाठी. चेन ऑइल पेट्रोलमध्ये गेलं तर प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते, पिस्टन रिंगा खाचेत अडकतात. टू-टी घेताना डब्यावर जासो एफडी किंवा आयएसओ-एल-ईजीडी ही दर्जाची खूण लिहिलेली बघा. टीसी-डब्ल्यू3 हे बोटीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं. चेनसॉचं इंजिन हवेने थंड होतं, त्यात ते नको. मिश्रण मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे: 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25 ला 1 म्हणजे 40 मिली.

चेन ऑइलच्या टाकीत चुकीचं ऑइल गेलंच असेल तर ती टाकी उलटी करून रिकामी करा, थोडं चांगलं ऑइल घालून हलवून पुन्हा ओता. टाकीतली जाळी काढून धुवा. बार काढा, खाच पातळ पट्टीने टोकापासून मागे खरवडा, ऑइलचं भोक तारेने मोकळं करा. वळलेल्या कडा सपाट कानशीने घासून सरळ होतात. निळा भाग मात्र मऊ पडलेला असतो आणि लवकर झिजतो, तो बार बदलायचाच. नवा बार लावल्यावर दर वेळी चेनला धार लावताना तो उलटून बसवा, दोन्ही कडा सारख्या झिजतात.

डब्यातलं अर्धा लिटर स्वच्छ बाटलीत बाजूला काढून तारीख आणि बॅच नंबर लिहा, पावती सोबत ठेवा. हे डबा परत करण्याआधीच करायचं. परत गेलेला डबा पुन्हा दिसत नाही, आणि विक्रेत्याकडे अचानक दुसरा, तार सुटणारा डबा ‘हाच तो’ म्हणून निघतो.