‘नवी’ म्हणून बसवलेली डिस्क सहा हजार तास वापरलेली निघाली

शाहू मार्केट यार्डातील काही गूळ व्यापाऱ्यांचे हिशेब लिहून त्यांची जीएसटी विवरणपत्रे भरण्याचे काम मी करतो. २० तारखेच्या, म्हणजे मासिक जीएसटीआर-३बी भरण्याच्या मुदतीच्या तोंडावरच माझा लॅपटॉप वारंवार बंद पडू लागला. काम चालू असताना निळा पडदा येई, त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असा स्टॉप कोड दिसे आणि लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू होई. कोल्हापुरातील एका दुरुस्तीच्या दुकानात तो नेला, तेव्हा मागचे झाकणही न उघडता मला सांगण्यात आले, “साहेब, मदरबोर्ड गेलाय. नवा घालायचा तर पंधरा हजार पडतील. आम्ही चिप-लेव्हल काम करून, म्हणजे बोर्डवरच्या चिपाच दुरुस्त करून, पाच हजारांत बसवतो. डिस्क पण खराब आहे, ती बदलावीच लागेल.” मुदत जवळ आल्याने मी होकार दिला आणि एकूण ९,५०० रुपये मोजले. मिळालेल्या बिलावर ना दुकानाचा जीएसटी क्रमांक होता, ना डिस्कचा अनुक्रमांक.

लॅपटॉप घरी आणल्यावर त्याच संध्याकाळी तोच स्टॉप कोड पुन्हा आला. अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने प्रथम विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडून लॅपटॉप केव्हा केव्हा बंद पडला याच्या नोंदी पाहिल्या आणि नंतर ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ ही विंडोजमध्येच असलेली चाचणी चालवली. तिने हार्डवेअरमध्ये दोष असल्याचे दाखवले. मग त्याने रॅमच्या, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीच्या, दोन पट्ट्या एकेक करून बसवून पाहिल्या. एका पट्टीवर लॅपटॉप सुरळीत चालला, दुसरीवर काही मिनिटांतच बंद पडला. ती सदोष पट्टी बदलल्यापासून निळा पडदा आलेला नाही. मदरबोर्डवर नेमके कोणते काम केले, हे दुकानदाराला आजतागायत सांगता आलेले नाही.

खरा धक्का त्यापुढचा होता. भाच्याने ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत मिळणारा प्रोग्राम चालवला आणि म्हणाला, “मामा, ही डिस्क नवी नाहीच.” डिस्क एकूण किती तास चालू होती, याची नोंद ती स्वतःच ठेवते. त्या ‘पॉवर ऑन अवर्स’च्या रकान्यात सहा हजारांहून अधिक आकडा होता, म्हणजे अहोरात्र चालली असे धरले तरी आठ महिन्यांहून जास्त वापर. दुकानदाराला हा आकडा दाखवला, तेव्हा सॉफ्टवेअर चुकीचे दाखवते, एवढेच उत्तर मिळाले.

पैशांपेक्षा मला चिंता लागली आहे ती काढून घेतलेल्या माझ्या जुन्या डिस्कची. तिच्यात व्यापाऱ्यांची पॅन कार्डे, बँकेचे उतारे आणि खरेदी-विक्रीचे तपशील आहेत, आणि ती ‘भंगारात गेली’ असे मला सांगितले गेले. मी सर्व पासवर्ड बदलले आणि संबंधित व्यापाऱ्यांना स्वतः भेटून कल्पना दिली. लोकांनी विश्वासाने सोपवलेली कागदपत्रे परक्याच्या हाती असणे मला अजूनही सहन होत नाही.

म्हणून सांगतो, निळ्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण निदान तपासून पाहण्याचा तोच पहिला धागा असतो. प्रत्येक वेळी दोष सुट्या भागाचाच असतो असे नाही. एखादा ड्रायव्हर, म्हणजे सुटा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, बिघडल्यानेही असे होते, आणि मोजक्याच आवश्यक ड्रायव्हरवर विंडोज सुरू करणाऱ्या ‘सेफ मोड’मध्ये लॅपटॉप नीट चालत असेल तर आधी तिकडे पाहावे. दुकानात देण्यापूर्वी डिस्क आणि रॅमच्या अनुक्रमांकांचे फोटो घ्यावेत, बदललेला भाग परत मिळेल असे पावतीवर लिहून घ्यावे, आणि नवी डिस्क बसवल्यावर तिचे तास दुकानातच उघडून पाहावेत. नव्या डिस्कवर तो आकडा अगदी किरकोळ असायला हवा.

दुकानदाराला मी लेखी नोटीस दिली आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तेथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही. पैसे परत मिळावेत ही मागणी आहेच, पण अर्जात पहिली मागणी जुनी डिस्क परत करण्याची असेल.