विहिरीच्या पाण्याचा अहवाल: ग्रामसभेत मांडावा की बचत गटात?

तासगाव-पलूसच्या द्राक्ष-ऊस पट्ट्यात विहिरी-बोअरच्या पाण्यातलं, युरियासारख्या खतांतून झिरपणारं नायट्रेट तपासून झालं, अहवाल हातात आला. आता तो गावाला सांगायचा कसा? सरपंच बहुतेक वेळा म्हणतात, "ग्रामसभेत मांडा की." घाई करू नका.

ग्रामसभेचं बळ मान्यच आहे. तिथं मांडलेलं इतिवृत्तात येतं, आणि पिण्याच्या पाण्याचा नवा स्रोत मागायचा तर ठरावाचा कागद लागतो. बचत गट तो देऊ शकत नाही. पण ग्रामसभांच्या तारखा बघा. २ ऑक्टोबरला बागांची छाटणी चालू, २६ जानेवारीला माल काढणीला आलेला. सभेला येतात ते ठरलेले चेहरे. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार लागतात, नाहीतर सभा तहकूब. त्यातून घरकुल, रस्ता, गटार झाल्यावर तुमचा नंबर लागणार 'आयत्या वेळच्या विषयां'त, तेव्हा निम्मी सभा उठलेली असते.

शिवाय खासगी विहिरीला मालक असतो. "अमक्याच्या विहिरीत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर" असं माईकवरून सांगितलं की तो भांडायला उठणार, आणि त्याचं फारसं चुकतं असंही नाही.

बचत गटात हप्ता भरायला बायका येतातच. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच जणींना पाणी तपासायचं किट शिकवायचं असतं. त्यांतली एखादी गटात असली तर काम सोपं. नळीत पाणी घ्यायचं, पूड टाकून हलवायचं, थोडं थांबायचं. पाणी गुलाबी होतं, तो रंग तक्त्याशी ताडायचा. "काकी, तुमच्या बोअरचं जास्तच गुलाबी आलं की!" झालं, पुढचा प्रश्न हमखास येतो: "मग उकळून प्यायलं तर?"

आणि याच उत्तरासाठी माझं मत गटाच्या बाजूनं आहे. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. टीसीएल पावडरनंही (जंतू मारायला पाण्यात टाकतात ती ब्लीचिंग पावडर) ते हटत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं, तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटते, बाळ निळसर पडू शकतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला ही भीती जवळजवळ नाही. म्हणजे तातडीनं सांगायचं आहे ते मोजक्या घरांना, आणि ती घरं आशाताईंना तोंडपाठ असतात.

गटाची उणीवही आहे. किट अंदाज देतं, नेमका आकडा प्रयोगशाळेचाच. आणि युरियाचा डोस ठरवणारे बहुधा त्या बैठकीत नसतात; ते खताच्या दुकानापाशी भेटतील.

शाळेतलं प्रात्यक्षिक जोडीला चांगलं, एकट्यानं पुरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र अहवाल टाकूच नका. एक आकडा कापून फिरतो, बाकीचं राहतं. "आमच्या गावाला हिरवं कार्ड आहे" असंही कुणी सुनावेल. ते कार्ड स्रोताच्या आसपासची स्वच्छता, गळती, टीसीएलचा साठा बघून मिळतं. त्यावरून नायट्रेट कळत नाही.

तपासलेल्या विहिरी खासगी असतील, तर आधी मालकाला घरी जाऊन सांगा, मग गट, आणि ग्रामसभा १५ ऑगस्टची धरा. तेव्हा बागेत त्यामानानं उसंत असते. दोष नळयोजनेच्या स्रोतात निघाला, तर हा क्रम मोडा. आशाताईंमार्फत तान्ह्या बाळांच्या घरी त्याच दिवशी निरोप द्या, ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्या, आणि पुढच्या ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत विषय लावून घ्या, म्हणजे तो आयत्या वेळच्या यादीत जाणार नाही.