जंगल फर्स्ट एडचा कोर्स केला: रूह अफजा, मुंग्या आणि मधमाश्यांना फक्त दहा मिनिटं

शेवटी तो दोन दिवसांचा वाइल्डरनेस फर्स्ट एड कोर्स केला. संस्थेचं नाव घेत नाही कारण खाली थोड्या शिव्या पण आहेत. राहणं-खाणं धरून साडेपाच हजार, लोणावळ्याच्या पुढं एका कॅम्पसाइटवर. बारा-तेरा वर्षं सह्याद्रीत हिंडतोय पण सॅकमध्ये डेटॉल, बँडेज, ब्लेड आणि व्होलिनी, एवढंच माझं मेडिकल ज्ञान. मागच्या पावसाळ्यात राजगडला संजीवनी माचीवर आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला का मोडला तेच कळेना, आणि आम्ही सहा जण त्याच्याभोवती उभं राहून सहा वेगवेगळे सल्ले देत होतो, त्या दिवशीच ठरवलेलं की हे शिकायचं.

शहरातलं फर्स्ट एड म्हणजे १०८ येईपर्यंत सांभाळा, इथं गाडीरस्ताच तीन तास खाली, त्यामुळे सगळा भर पेशंट तपासण्यावर. आधी जागा सेफ आहे का, मग श्वास, रक्त, मग डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवून तपास, नाडी आणि श्वासाचे आकडे वेळ टाकून वहीत, थोड्या वेळानं परत. शनिवारी दुपारपर्यंत हेच एवढ्या वेळा करून घेतलं की जेवताना शेजारच्याची नाडी बघावीशी वाटत होती. सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं) पण झालं, ३० दाब २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०, छाती निदान ५ सेंटिमीटर दबली पाहिजे. ऐकायला सोप्पंय, दोन मिनिटांत घाम फुटतो. कड्यावरून पडलेल्या माणसाचं हृदय थांबलं असेल तर याचा उपयोग किती कमी, हेही ट्रेनर ताईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, ते आवडलं.

पण पैसे वसूल झाले ते रात्री. साडेनऊला हेडलॅम्प लावून ओढ्याकडे पाठवलं, तिथं एक पोरगा विव्हळत पडलेला, मांडीवर रक्त. आम्ही चौघं तुटून पडलो, रुमाल दाबला, पाय वर घेतला, एकमेकांवर ओरडलो, एकदम हिरो. वीस मिनिटांनी ताईंनी त्याचं जॅकेट वर केलं तर पाठीखाली दुसरी जखम, तिथलं रक्त सगळं वाळूत गेलेलं. हात कुणी घातलाच नव्हता! दिवसभर घोकलं आणि लाल रंग दिसल्यावर सगळं विसरलो. (रक्त म्हणजे रूह अफजा होतं, बिचाऱ्याला मुंग्या लागल्या, त्याचं शेवटचं विव्हळणं खरं होतं.)

दुसऱ्या दिवशी दोन बांबू आणि चार जॅकेटांचं स्ट्रेचर करून त्याच पोराला उचललं. आठ जण, दर काही पावलांनी खांदे बदलत, घड्याळ लावलं होतं, ३०० मीटरला ३५ मिनिटं लागली, आणि ती वाट म्हणजे बऱ्यापैकी सपाट पायवाट बरं का. हरिश्चंद्रगडाची उभी, दगडधोंड्यांची नळीची वाट डोळ्यासमोर आली आणि पोटात गोळा आला. लोणावळ्याच्या शिवदुर्ग रेस्क्यू टीमची मंडळी भर पावसात हे करतात, त्यांना दंडवत. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन तिथंच बसून फोनमध्ये सेव्ह केली, तुम्ही पण करा, रेंज आहे तोवर.

सापाचा तास मस्त. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, कुठलाही चावो, कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, अंगठी-कडं काढायचं, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू न देता सरळ हॉस्पिटल गाठायचं कारण औषध फक्त तिथंच. विंचवावरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचा विषय निघाला, प्राझोसिनसारखी साधी बीपीची गोळी वापरून त्यांनी किती जीव वाचवले ते ताई सांगत होत्या तेव्हा एकही जण फोन बघत नव्हता.

आता शिव्या. हे सगळं ताईंच्या तोंडून, स्लाइडवर यातलं काहीच नाही. स्लाइड सरळ अमेरिकेतून उचललेल्या, अस्वल हल्ला करतं तेव्हा काय, हिमदंश झाला तर काय, पाऊण तास! हिमालयवाल्यांना हिमदंश ठीक आहे, पण आपल्याकडं गडावर धोका कुणाचा, तर आग्या मोहोळाचा, आणि त्याला रविवारी जेवणाआधी कशीबशी दहा मिनिटं. परफ्यूम आणि धूर नको, हातवारे नको, तोंड झाकून लांब पळा, नांगी मिळेल तशी पण लगेच काढा, एवढ्यावर आटोपलं. ॲलर्जीनं घसा सुजला तर ॲड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं म्हणाल्या, ते इथं मिळवायचं कसं, जवळ ठेवायचं का, हे विचारलं तर पिठल्याची वेळ झाली. (पिठलं-भाकरी मात्र नंबर एक.)

शिवाय ३२ जणांत सीपीआरचे पुतळे दोन. जाहिरातीत "छोटी बॅच" लिहिलेलं. मला एकूण चार मिनिटं मिळाली असतील, मागच्या रांगेतल्या दोघी तर नुसत्या व्हिडिओ काढून परतल्या.

तरी ग्रुपमधल्या दोघांना पुढच्या बॅचला पाठवतोय, फक्त आधी फोन करून माणसं किती आणि पुतळे किती ते विचारा म्हणून सांगितलंय. सॅकमधलं ब्लेड गेलं, दोन त्रिकोणी बँडेज, ओआरएस आणि पेन-वही आली. फीडबॅक फॉर्मवर मी मोठ्या अक्षरात "मधमाश्या" लिहून आलो. सर्टिफिकेट आलं परवा, आडनाव चुकलंय.