पहिलं हत्यार: आयुध निर्माणीचं .३२ रिव्हॉल्व्हर

परवाना हाती आल्यावर बेळगावकडच्या नवख्या माणसानं पिस्तुलापेक्षा हेच घ्यावं. सहा गोळ्या, सोपी रचना; .३२ म्हणजे गोळीची इंचातली अंदाजे जाडी. एखादी गोळी फुसकी निघाली तर नळी समोर धरून तीस सेकंद थांबा, मगच उघडा. उशिरा पेटणारी गोळी घात करते.

घेताना रिकामं असल्याची खात्री करा, चाप पूर्ण ओढून तसाच धरा आणि गोळ्या भरायचं चक्र बोटानं हलवा. खडखडलं तर दुसरा नग मागा. हे बिजागरीवर वाकवून उघडतं; ते बंद धरणारी खिट्टीही ढिली नको. .३२ पिस्तुलाची गोळी वेगळी, खोक्यावरचं नाव वाचूनच घ्या.

चाप जड आहे, नेम सरावानंच बसतो.

खानापूरच्या पावसात मात्र चामडी कव्हरात ठेवू नका. चामडं ओल धरतं, नळीवर गंजाचे ठिपके उठतात. पुसून, तेलाचा हलका हात देऊन कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या.