सेल्फ-ड्राइव्ह भाड्याची गाडी आणि तिचा विमा: खान्देशात काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात सेल्फ-ड्राइव्ह गाडी भाड्याने घेणं परवडतं. मात्र ॲपवर ठळक दिसणाऱ्या रोजच्या दराला भुलून घेतलेली गाडी बहुतेक वेळा महाग पडते. भाव करताना किलोमीटर धरून होणारं भाडं बघा, डिपॉझिट बघा, आणि गाडीला काही झालं तर आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार ते बघा. हा शेवटचा आकडा कोणी आपणहून सांगत नाही. विचारला की ठरलेलं उत्तर येतं, "भाऊ, गाडीचा फुल इन्शुरन्स आहे, टेन्शन घेऊ नका." एवढ्या बोलण्यावर गाडी घेऊ नये. का, ते पुढे सविस्तर लिहिलंय.

पहिल्यांदा भाड्याचा हिशेब. जळगावहून नाशिकला जाऊन यायचं, दोन दिवस, तिथलं फिरणं धरून साधारण 560 किलोमीटर. समजा एक गाडी दिवसाला 1,800 रुपये, रोज 150 किलोमीटर मोफत आणि पुढे 12 रुपये किलोमीटर. दुसरी दिवसाला 2,600, किलोमीटरला मर्यादा नाही. पहिलीचे 3,600 आणि वरच्या 260 किलोमीटरचे 3,120, म्हणजे 6,720. दुसरीचे 5,200. पेट्रोल दोन्हीकडे आपलंच. आपल्याकडची अंतरं लांब, त्यामुळे बाहेरगावी मर्यादेची गाडी सहसा तोट्यात जाते. लग्नघरची धावपळ किंवा जळगावहून पद्मालयला जाऊन येणं असेल तर तीच स्वस्त पडते. नाशिकमध्येच जास्त फिरायचं असेल तर भुसावळ किंवा जळगावहून रेल्वेने नाशिकरोडला उतरून तिथे गाडी घ्यावी. नंदुरबारकरांनी सुरतेचा पर्याय तसाच तपासावा. मोठ्या शहरात गाड्या जास्त, म्हणून दरही मोकळे असतात. आखाजी (अक्षय तृतीया), लग्नाच्या दाट तिथी, दिवाळी आणि सारंगखेड्याची यात्रा या काळात आयत्या वेळी बुकिंग केलं तर मिळेल ती गाडी मागेल त्या दरात घ्यावी लागते.

म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन एका दिवसात जाऊन यायचं असेल तर ड्रायव्हरसकट टॅक्सीचा दरही विचारा. दिवसाला किमान 250 किंवा 300 किलोमीटरचे पैसे लागतातच, वर ड्रायव्हरचा भत्ता. पण गाडीला काही झालं तर तो भार आपल्यावर येत नाही, आणि त्याची किंमत धरली की हिशेब पुष्कळदा टॅक्सीच्या बाजूने झुकतो.

आता नंबर प्लेट. सेल्फ-ड्राइव्ह भाड्यासाठी नोंदलेल्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. टॅक्सीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. पांढरी प्लेट खाजगी गाडीची. छोट्या एजन्सीकडे पांढऱ्या प्लेटच्या गाड्या का दिसतात याचं कारण साधं आहे. केंद्राच्या 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान 50 गाड्यांचा ताफा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी एवढा ताफा कोण ठेवणार? मग नातेवाइकांच्या, मित्रांच्या गाड्या गोळा करून धंदा चालतो. पांढरी गाडी चारपाचशे रुपयांनी स्वस्त मिळते आणि बरेच जण तिथेच फसतात. खाजगी गाडीच्या पॉलिसीत गाडी कशासाठी वापरायची याचं कलम असतं, त्यात भाड्याने देणं वगळलेलं असतं. अपघात झाला आणि गाडी भाड्याने दिली होती हे सर्व्हेअरच्या, म्हणजे विमा कंपनीने नुकसान बघायला पाठवलेल्या माणसाच्या, लक्षात आलं की क्लेम नाकारला जाऊ शकतो. कोणाला इजा झाली असेल तर नुकसानभरपाईच्या दाव्यात गाडी चालवणारा म्हणून आपलंही नाव येतं. त्यामुळे पांढरी प्लेट कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

बुकिंगआधी गाडीचा नंबर मागून सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाका. प्रकाराच्या रकान्यात मोटर कॅब दिसली तर ठीक, मोटर कार असेल तर ती खाजगी. तिथेच विमा, पीयूसी आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते कळतं. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडची गाडी सोडून द्या. लायसन्सची मात्र काळजी नको. साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स 7,500 किलोपर्यंतच्या व्यावसायिक गाडीलाही चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलंय. लर्निंग लायसन्स चालत नाही. गाडी दोघं आळीपाळीने चालवणार असाल तर दोघांची नावं करारात लिहून घ्या. नाव नसलेल्या माणसाच्या हातून काही झालं तर कराराचं सगळं संरक्षण गेलं म्हणून समजा.

आता त्या फुल इन्शुरन्सविषयी. ती पॉलिसी मालकाच्या नावाची, ती मालकाचं नुकसान भरून देते. तुमचं डिपॉझिट वाचवणं हे तिचं काम नव्हे. समजा पुढचा बंपर फुटला, हेडलाईट गेला आणि प्लॅस्टिकच्या भागांचं बिल 18,000 झालं. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कलम) नसेल तर प्लॅस्टिक, रबर, बॅटरी यांवर 50 टक्के घसारा कापला जातो, म्हणजे 9,000 विमा कंपनी देत नाही. त्यावर सक्तीची कपात, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये विमा कंपनी देत नाही ती ठरावीक रक्कम. गाडी चार दिवस गॅरेजमध्ये राहिली तर त्या दिवसांचं बुडालेलं भाडं कोणतीही साधी मोटर पॉलिसी देत नाही, ते एजन्सी आपल्याकडून घेते. 1,800 च्या दराने ते 7,200 होतात. फुल इन्शुरन्स असूनही 16,000 च्या वर आपल्या माथी.

मालक क्लेमच करत नाही, यामागे नो क्लेम बोनस आहे. क्लेम न करता एक वर्ष गेलं की ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यात 20 टक्के सूट मिळते, ती वाढत पाचव्या वर्षी 50 टक्क्यांवर जाते. एक क्लेम केला की ती शून्यावर. त्यामुळे पाचसात हजारांच्या डेंटसाठी मालक विमा कंपनीकडे जातच नाही, सरळ डिपॉझिटमधून कापतो. एका एजन्सीकडे एकाच दरवाजाच्या ओरखड्याचे पैसे दोन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडून घेतले गेल्याचं आमच्या ग्रुपमधल्या फोटोंवरून दिसलं. ओरखडा तसाच होता, रंग दिलेलाच नव्हता.

ॲपवाल्यांची प्रोटेक्शन योजना ही विमा पॉलिसी नव्हे, ती त्यांच्या आपल्यातल्या करारातली सवलत आहे. थोडे जास्त पैसे भरले की आपली जबाबदारी ठरावीक रकमेवर थांबते. माझ्या मते घाटाचा रस्ता, पावसाळा आणि रात्रीचा प्रवास यातलं काहीही असेल तर वरची योजना घ्यावी. तीनशे रुपये जास्त भरून जबाबदारी वीस हजारांवरून पाच हजारांवर येत असेल तर त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. टायर, रिम, काच, गाडीचा तळ, क्लच आणि हरवलेली किल्ली बहुतेकदा बाहेर असतात, आणि आपल्या रस्त्यांवर मार बसतो तो टायर, रिम आणि तळालाच. नवापूरपलीकडे गुजरातेत किंवा शिरपूरहून सेंधव्याकडे मध्य प्रदेशात जायचं असेल तर परवानगी लेखी घ्या. जीपीएसमुळे त्यांना सगळं कळतं.

एका गोष्टीकडे जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. गाडीच्या पॉलिसीतलं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकासाठी असतं. भाड्याने घेऊन चालवणाऱ्याला ते लागू होत नाही. स्वतःची वैयक्तिक अपघात पॉलिसी हवीच. निदान बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का ते बघा. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, वय 18 ते 70. मुदत 1 जून ते 31 मे, आणि खात्यात तेव्हा पैसे नसले तर ती गुपचूप बंद पडते.

गाडी ताब्यात घेताना अर्धा तास हातात ठेवा आणि दिवसाउजेडी घ्या. आपल्याकडच्या धुळीखाली बारीक ओरखडे दिसत नाहीत, म्हणून ओल्या फडक्याने बंपरचे कोपरे आणि दरवाजांच्या कडा पुसून घ्या. मग एकच सलग व्हिडिओ करा. सुरुवात नंबर प्लेटपासून, मग किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा, मग गाडीभोवती एक फेरी. मोबाईल खाली धरून पुढच्या बंपरची खालची बाजू आणि चारही रिम घ्या. काचेवरचे खड्यांचे टिपके बोट लावून दाखवा. डिकी उघडून स्टेपनी, जॅक, पाना. व्हिडिओ तिथल्या तिथे एजन्सीच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहते. टायरवर चार आकडी शिक्का असतो, 2322 म्हणजे 2022 सालचा 23 वा आठवडा. फार जुना टायर मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात हायवेवर नेऊ नये, गाडी बदलून मागावी. हवा गार टायरमध्ये तपासा, आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर असतो.

क्लच निघण्याआधीच बघा. चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगात ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनचा आवाज चढला पण गाडी पळाली नाही, तर प्लेट घसरतेय. अशी गाडी तोरणमाळला किंवा कन्नड घाटात नेली की प्लेट तिथेच जळते आणि बिल आपल्यावर फाटतं, कारण झीज विम्यात बसत नाही.

पावसाळ्यात फरशी पुलावर पाणी असेल तर थांबा. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. हवा ओढण्याची नळी पुढच्या जाळीमागे असते. तिथून सिलिंडरमध्ये पाणी गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कलम पॉलिसीत नसेल तर विमा कंपनी हे परिणामी नुकसान म्हणून नाकारते, आणि इंजिनचं काम म्हणजे मोठाच खर्च.

धडक झालीच तर आधी माणसं सांभाळा, मग गाडी हलवण्याआधी फोटो. कोणाला लागलं असेल तर दवाखान्यात पोचवणं आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. एजन्सीला फोन करा, मेसेजही करा. सर्व्हेअर यायच्या आत ओळखीच्या गॅरेजमध्ये काम काढू नका, क्लेम तिथेच अडतो.

टोलचं आधी विचारा. फास्टॅगमध्ये पैसे नसले तर यूपीआयने सव्वापट टोल बसतो. फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खाजगी गाड्यांना आहे, काळ्या प्लेटला नाही. परत देताना जवळच्या पंपावर काटा पहिल्याएवढा करा, पावती ठेवा, आणि पुन्हा तसाच व्हिडिओ करा. आरसीचा फोटो सुरुवातीलाच काढून ठेवलेला असावा, कारण वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर गाडीच्या नंबरसोबत चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. चलनाच्या नावाखाली डिपॉझिट अडवलं तर तारीख आणि वेळ ताडून बघा, पुष्कळदा चलन आधीच्या गिऱ्हाइकाचं असतं.

डिपॉझिट परत येत नसेल तर दुरुस्तीचं बिल लेखी मागा. प्रोटेक्शन योजना विमा नसल्याने विमा लोकपालाकडे दाद मागता येत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तेवढ्यानेही काही वेळा पैसे सुटतात. नाही सुटले तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि आपण सेवेसाठी भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. सोबत करार, दोन्ही व्हिडिओ आणि पैसे भरल्याची पावती जोडा.