दहा की अकरा? निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांचे परीक्षण

परळच्या आमच्या चाळीत सांगोला तालुक्यातून आलेले एक वयस्कर शेजारी राहतात. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. गिरणीत उमेदीची वर्षे घालवूनही त्यांचे अर्धे लक्ष गावाकडेच असते, आणि भाई गणपतराव देशमुखांचा विषय निघाला की ते 'आमचे आबासाहेब' असाच उल्लेख करतात. आबासाहेब सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले, असे ते ठामपणे सांगत. मी मात्र निवडणूक आयोगाचे अहवाल समोर ठेवून मोजले, तेव्हा विजय दहाच भरले. एका विजयाचा हा फरक कुठून आला, याचा शोध घेताना काही आठवडे संध्याकाळचा वेळ या अहवालांच्या सोबतीत गेला. एखाद्या आमदाराची निवडणुकीची कारकीर्द स्वतः तपासून पाहू इच्छिणाऱ्या वाचकाला हे अहवाल कितपत उपयोगी पडतात आणि कुठे अपुरे ठरतात, हे त्या अनुभवावरून सांगत आहे.

भारत निवडणूक आयोग प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतर सांख्यिकी अहवाल प्रसिद्ध करतो आणि आयोगाच्या संकेतस्थळावरून तो कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाल्यावर विधानसभेची पहिली निवडणूक १९६२ साली झाली. तेव्हापासून २०२४ पर्यंतच्या चौदा निवडणुकांचे निकाल मतदारसंघवार पाहता येतात. प्रारंभी पक्षांची नावे व त्यांची संक्षिप्त रूपे असतात, मग पक्षनिहाय कामगिरी येते, त्यानंतर प्रत्येक मतदारसंघाचा गोषवारा, आणि शेवटी उमेदवारनिहाय तपशीलवार निकाल. अहवालाचे खरे मोल मतदारसंघाच्या गोषवाऱ्यात आहे. किती अर्ज आले, किती बाद झाले, किती मागे घेतले गेले, प्रत्यक्षात किती उमेदवार रिंगणात राहिले, किती जणांची अनामत रक्कम जप्त झाली, मतदार किती, मतदान किती, बाद मते किती आणि विजयी उमेदवाराचे मताधिक्य किती, हे सगळे थोडक्या जागेत मिळते. वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत साधारणतः विजेता आणि मताधिक्य एवढेच पोहोचते. अनामत वाचवण्यासाठी एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात, हा नियम ठाऊक असला की लढत खरोखर किती जणांत झाली, हे या गोषवाऱ्यावरून पटकन कळते.

सांगोला निवडण्यामागे मामांशी झालेल्या वादाखेरीज आणखी एक कारण आहे. तिथे एकच व्यक्ती, एकच पक्ष आणि मतदारसंघाचे एकच नाव १९६२ पासून २०१४ पर्यंत सलग पाहता येते. या काळात विधानसभा २६४ जागांवरून २७० वर आणि १९७८ पासून २८८ वर गेली, मतदानाचे वय १९८९ साली एकवीसवरून अठरावर आले, मतपत्रिकेच्या जागी मतदान यंत्र आले, आणि २०१४ मध्ये 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्यायही आला. या साऱ्या बदलांत सांगोल्याच्या पानावर शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख हे नाव कायम आहे. त्यांनी बारा सार्वत्रिक निवडणुका लढवल्या. १९७२ आणि १९९५ या दोन वर्षांत ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले, उरलेल्या दहा वेळा पहिल्या. अहवालांतून मिळणारे हे उत्तर अचूक असले, तरी मामांचे उत्तर अकरा होते.

अहवालांतील सर्वांत मोठी उणीव इथेच लक्षात येते. १९७२ साली गणपतरावांचा पराभव करून काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले होते. त्यांच्या निधनामुळे सांगोल्यात १९७४ साली पोटनिवडणूक झाली आणि ती गणपतरावांनी जिंकली. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणुकांना जागा नसते, त्यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवली जाते. म्हणून १९७२ चा अहवाल मिटवून १९७८ चा उघडणाऱ्या वाचकाला असे वाटते, की पराभूत झालेला हा नेता सहा वर्षांनी विधानसभेत परतला. प्रत्यक्षात तो दोनच वर्षांत परतला होता, आणि आणीबाणीच्या काळात सांगोल्याचा आमदार तोच होता. 'या जागेवर मध्यंतरी पोटनिवडणूक झाली' अशी एका ओळीची तळटीपही अहवालात नसते. मामांची स्मरणशक्ती बरोबर होती, चुकले होते ते माझे मोजणे. अहवालाने मात्र मला माझी चूक कळू दिली नाही.

ही उणीव किती दूरवर पोहोचते, हे आम्हा परळकरांना आमच्याच मतदारसंघाच्या इतिहासावरून समजून घेता येईल. १९६७ च्या अहवालात परळचे विजयी उमेदवार म्हणून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई यांचे नाव आहे. जून १९७० मध्ये त्यांची हत्या झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा १,६७९ मतांनी पराभव करून वामनराव महाडिक निवडून आले आणि ते शिवसेनेचे पहिले आमदार ठरले. मुंबईच्या राजकारणाचे पुढचे वळण समजून घेताना ही पोटनिवडणूक वगळताच येणार नाही. गिरणगावातल्या जुन्या पिढीत तर तिच्याबद्दल आजही आवाज खाली आणून बोलले जाते. असे असूनही सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालांत ती कुठेच नाही. १९६७ आणि १९७२ चे अहवाल एकापाठोपाठ वाचणारा अभ्यासक १९७२ मध्ये गिरगावातून निवडून आलेल्या प्रमोद नवलकरांनाच शिवसेनेचे पहिले आमदार समजेल, कारण त्या वर्षी पक्षाची ती एकमेव जागा होती. इतकी गंभीर चूक प्रामाणिक वाचकाच्या हातून घडू शकते, म्हणून या अहवालांना पूर्ण गुण द्यायला मी तयार नाही.

मुंबईच्या वाचकाला दुसरी अडचण मतदारसंघांच्या पुनर्रचनेमुळे येते. २००९ च्या निवडणुकीपासून शहर जिल्ह्यातील जागा १७ वरून १० झाल्या, तर उपनगर जिल्ह्यातील १७ वरून २६. परळ, दादर, माझगाव, चिंचपोकळी, ऑपेरा हाउस ही नावे यादीतून नाहीशी झाली. एकेकाळी परळच्या नावाने मतदान करणाऱ्या आमच्या चाळीसारख्या वस्त्या आता दुसऱ्याच नावाखाली मोजल्या जातात, आणि जुन्या मतदारसंघाचा कोणता भाग कोणत्या नव्या मतदारसंघात गेला, हे निकालाचे अहवाल सांगत नाहीत. त्यासाठी परिसीमन आयोगाचा आदेश वेगळा काढून वाचावा लागतो. सांगोल्याच्या हद्दीतही फेरफार झाले असले, तरी नाव टिकून राहिल्यामुळे शोध घेणाऱ्याचा धागा तुटत नाही.

भाषेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. जुने अहवाल इंग्रजीत आहेत आणि मराठी नावांची रोमन स्पेलिंगे वर्षागणिक बदलतात. कुठे आडनाव आधी येते, कुठे वडिलांचे नाव गाळलेले असते. त्यामुळे संगणकावर नाव टाकून शोधण्यापेक्षा मतदारसंघाचे पान काढून डोळ्यांनी वाचणे अधिक खात्रीचे ठरते. महाराष्ट्रातील निवडणुकांचे इतके मोलाचे दस्तऐवज मराठीत सहज उपलब्ध असावेत, ही अपेक्षा मला मुळीच अवाजवी वाटत नाही.

उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांची सेवा वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणे जाहीर करणे उमेदवारांवर बंधनकारक झाले. सध्याच्या आमदाराविषयी माहिती हवी असेल, तर तिचा उपयोग निःसंशय मोठा आहे. गणपतरावांच्या कारकिर्दीचा पहिला चार दशकांचा काळ मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतो.

आता ज्या पानासाठी मी हे अहवाल पुन्हा पुन्हा उघडीन, त्या पानाकडे येतो. ते पान म्हणजे १९९५ चे सांगोला. गणपतराव त्या वर्षी शहाजीबापू पाटील यांच्याकडून १९२ मतांनी हरले. आमच्या चाळीतले मतदार मोजले, तरी संख्या याहून अधिक भरेल. ही निवडणूक मतपत्रिकेवर झालेली असल्यामुळे त्याच गोषवाऱ्यात बाद मतांचा रकाना आहे, आणि तो मताधिक्याच्या शेजारी ठेवून वाचला म्हणजे शिक्का नीट न उमटलेल्या एकेका मतपत्रिकेचे वजन कळते. यानंतर १९९९ चे पान उघडावे. तिथे गणपतराव पुन्हा विजयी आहेत, आणि त्यापुढे २००४, २००९ व २०१४ मध्येही. २०१४ साली प्रतिस्पर्धी पुन्हा शहाजीबापूच होते आणि मताधिक्य सुमारे २५ हजारांचे होते. २०१९ मध्ये गणपतराव वयोमानामुळे उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले, आणि शहाजीबापू ७६८ मतांनी जिंकले. ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे निधन झाले. २०२४ च्या पानावर सांगोल्याचे विजयी उमेदवार म्हणून त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांचे नाव आहे आणि पक्ष शेतकरी कामगार पक्षच आहे. एकाच मतदारसंघाची ही पाने वर्षांच्या क्रमाने लावून वाचली, तर आकडे स्वतःच बोलू लागतात. १९९५ च्या पराभवाचे मोठेपण मला तर १९९९ चे पान वाचल्याशिवाय कळलेच नसते.

आमदाराने सभागृहात काय केले, हे मात्र या अहवालांना विचारू नये. गणपतराव १९७८ आणि १९९९ मध्ये मंत्री झाले, एसटीने प्रवास करत राहिले, दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे भांडले. यातले काहीही मतांच्या तक्त्यात येत नाही, आणि ते तिथे येणे अपेक्षितही नाही. त्यासाठी विधानसभेच्या कामकाजाचे अधिकृत वृत्तान्त वाचावेत.

तरीही निवडणूक हा विषय गांभीर्याने घेणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाने हे अहवाल वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मतदारसंघाची पाने क्रमाने छापून घ्यावीत आणि दोन निवडणुकांच्या मध्ये कोणत्या आमदाराचे निधन झाले किंवा कोणी राजीनामा दिला, याची चौकशी आधी वडीलधाऱ्यांकडे करावी. त्यांनी सांगितलेले वर्ष मिळाले, की पोटनिवडणुकीची नोंद शोधणे सोपे जाते. माझ्या बाबतीत हे काम मामांनी केले. सांगोल्याची सगळी पाने मी त्यांना छापून दिली, तेव्हा त्यांनी १९७२ आणि १९७८ च्या पानांमध्ये एक कोरा कागद घालायला सांगितला आणि त्यावर स्वतःच्या हाताने १९७४ लिहिले. परळच्या पानांमध्येही मी तसाच एक कागद घातला आहे. त्यावर १९७० हे वर्ष आहे, दोन नावे आहेत आणि १,६७९ हा आकडा आहे.